जुन्या मोटारीचे तेल कुठून गळते? इंजिन उघडण्यापूर्वी करावयाची तपासणी



या पानावर आजवर मी बेणेमळा, लागण, खोडव्याची निगा, पाण्याच्या पाळ्या असल्या विषयांवर लिहीत आलो. या वेळी विषय मोटारीचा आहे. ऊस विकास अधिकाऱ्याला मोटारीच्या इंजिनाशी काय देणेघेणे, असे कोणी म्हणेल. परंतु उसाचे बिल हातात आले की त्यातला बराचसा पैसा ट्रॅक्टर, जीप नाहीतर घरच्या जुन्या मोटारीच्या दुरुस्तीत जातो, हे गटात फिरताना मी रोज बघतो. त्यातला काही खर्च खरोखर गरजेचा असतो. काही मात्र नुसता अंदाजाने होतो.

मध्यंतरी एक सभासद गट कार्यालयात आले. म्हणाले, "साहेब, गाडीचं फुल इंजिन काम सांगितलंय. बिलातनं थोडी उचल मिळंल का?"

मी विचारले, "गाडीला होतंय काय?"

"तेल गळतंय. रात्री उभी केली की सकाळी ताटाएवढा डाग."

"धूर मारते का? चढाला कमी ओढते का?"

"धूर अजिबात नाही. ओढायला बी चांगली हाय."

"मग इंजिन उघडायचं कशासाठी?"

यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हते. आम्ही दोघांनी बाहेर जाऊन बॉनेट उघडले. वरच्या टॅपेट कव्हरचे पॅकिंग वाळून भाकरीसारखे कडक झाले होते आणि तेथूनच तेल ओघळत होते. उचल मागण्याची गरज राहिली नाही. त्यांच्या जागी एके काळी मी स्वतः होतो. मला वेळेवर कोणी विचारले नाही, म्हणून हा लेख.

घरची गोष्ट

वडिलांनी १९८७ सालची अ‍ॅम्बॅसिडर घेतली, ती अजून आमच्या दारात आहे. ही गाडी पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे बनत असे. इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्ड या मोटारीवरून तिचा नमुना घेतलेला. १९५८ पासून सुरू झालेले हे उत्पादन २०१४ मध्ये बंद पडले. आमच्या गाडीत जुने १४८९ सी.सी.चे पेट्रोल इंजिन आहे. पुढे १९९० नंतर इसुझू रचनेचे १८०० सी.सी. इंजिनही आले, ते वेगळे. आपल्या भागात अशा गाड्या काही घरांतून अजून जपलेल्या आहेत, त्यामुळे उदाहरणासाठी मी हीच घेतो. जीप किंवा ट्रॅक्टरवाल्यांनी पान उलटू नये. इंजिन कोणतेही असो, तपासणीची रीत एकच आहे.

काही वर्षांपूर्वी या गाडीचे तेल मागच्या बाजूने, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्याखाली, ठिबकू लागले. शहरातल्या एका गॅरेजमध्ये दाखवली. त्यांनी खाली वाकून पाहिले आणि सांगितले, "मागचं सील गेलं. इंजिन उतरवावं लागेल. उतरवलंच आहे तर रिंगा, बेअरिंग सगळंच करून घ्या." मी मान हलवली. उसाच्या पहिल्या हप्त्यातला मोठा वाटा त्यात गेला. त्या वर्षी विहिरीची मोटर बदलायची होती, ती राहिली. आणि महिन्याभरात त्याच ठिकाणी पुन्हा थेंब पडू लागले.

कारखान्याच्या वाहन विभागातून निवृत्त झालेले एक जुने फिटर आहेत, त्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो. त्यांना गाडी दाखवली. त्यांनी खाली वाकून पाहिलेच नाही. बॉनेट उघडले, इंजिनाच्या अंगाची एक नळी काढली आणि माझ्या हातात दिली. आत काळा, गुळाच्या काकवीसारखा गाळ गच्च बसला होता. फुंकर मारली तरी वारा जाईना.

मामा म्हणाले, "साहेब, रानात पाणी तुंबलं की तुम्ही लोकांना चर काढायला सांगता. मग इंजिनाचा चर का बुजू दिला?"

ती नळी म्हणजे ब्रीदर, इंजिनाची श्वास घेण्याची वाट. ती रॉकेलने धुतली, वरच्या कव्हरला नवे पॅकिंग घातले, आणि गळती थेंबावर आली. दोन तासांचे काम होते.

यात गॅरेजवाला लुच्चा होता असे मी म्हणत नाही. मी त्याला एवढेच सांगितले होते की 'तेल गळते'. रानात ऊस पिवळा पडला एवढ्यावरून मी तरी काय सांगणार? पाणी तुंबून पिवळा पडतो, नत्र कमी पडून पडतो, चुनखडीच्या रानात लोह मिळेना म्हणजे केवडा पडतो. शेंडा पाहावा लागतो, खालचे पान पाहावे लागते, माती पाहावी लागते. न पाहता युरिया टाकला तर पैसे जातात आणि केवडा तसाच राहतो. मोटारीचेही तसेच आहे. जो पाहून जातो त्याचा पैसा वाचतो.

१. प्रथम पडते ते काय, हे ओळखा

रात्री गाडी सपाट जागेवर उभी करा. खाली जुना पुठ्ठा किंवा वर्तमानपत्र पसरा आणि त्यावर पुढची बाजू कोणती ते लिहून ठेवा. सकाळी डाग बघा, बोटाला लावा, वास घ्या.

काळपट आणि चिकट असेल तर ते इंजिनाचे तेल. फार दाट व उग्र, गंधकासारखा वास येणारे असेल तर ते मागच्या डिफरन्शियलचे तेल. ते गाडीच्या मागच्या भागात पडते आणि त्याचा इंजिनाशी संबंध नाही. पातळ, बुळबुळीत आणि चाकाच्या आतल्या बाजूला असेल तर ते ब्रेकचे तेल समजावे. अशी गाडी दुरुस्त झाल्याशिवाय रस्त्यावर काढू नये. हिरवट किंवा गंजट पाणी असेल तर रेडिएटर, रबरी पाइप किंवा पाण्याचा पंप पाहावा. पेट्रोलचा वास असेल तर गाडी चालू न करता आधी गळती शोधावी.

दुसरे म्हणजे ऑइलची पट्टी बघा. गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटे झाल्यावर पट्टी काढा, पुसा, परत घाला आणि मग वाचा. तेल वरच्या खुणेच्या वर असेल तर ते जास्त झाले आहे. गळते म्हणून दर आठवड्याला न मोजता भर घालणारे लोक मी पाहिले आहेत. जास्तीचे तेल सांध्यांतून बाहेर येते, मग ते आणखी घालतात.

२. धुवा, वाळवा आणि मग शोधा

तेलाने माखलेल्या इंजिनावर गळती सापडत नाही. तेल वरून खाली ओघळते आणि गाडी पळताना वाऱ्याने मागे सरकते. त्यामुळे थेंब पडतो ती जागा आणि गळती सुरू होते ती जागा, या दोन्हीत हात-दोन हातांचे अंतर असू शकते. मागचे सील गेले असे ज्यांना सांगितले जाते, त्यांतल्या पुष्कळांचे तेल वरच्या कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून येत असते, हे लक्षात ठेवा.

इंजिन थंड असताना ब्रश आणि थोडे डिझेल किंवा रॉकेल घेऊन बाहेरून स्वच्छ करा. डेल्को, कॉइल, कार्बोरेटर यांवर प्लॅस्टिकची पिशवी बांधा. बॅटरीची तार काढून ठेवा. फडक्याने पुसून उन्हात पूर्ण वाळू द्या. ओल्या अंगाने इंजिन चालू करू नका, आग लागते. पिशव्या सोडवायला विसरू नका. मग संशयाच्या जागांवर खडूची बारीक पूड किंवा अंगाला लावायची पावडर भुरभुरा. दहा-पंधरा किलोमीटर फिरून या, इंजिन बंद करा आणि बॅटरीच्या उजेडात पाहा. पांढऱ्या पुडीवर तेलाची पहिली ओल उठून दिसते.

नियम एकच. सर्वांत वरची आणि सर्वांत पुढची ओली जागा शोधा. दुरुस्ती तेथून सुरू करायची. खालची ओल पुष्कळ वेळा वरचीच असते.

३. कोणत्या जागा पाहाव्यात

अ‍ॅम्बॅसिडरच्या जुन्या इंजिनात वरून खाली या क्रमाने पाहावे.

(अ) वरचे टॅपेट कव्हर. याखाली बुचाचे पॅकिंग असते. ते वाळते, तुटते. कव्हर दोन नटांनी बसते. गळते म्हणून नट करकचून आवळले की पत्रा वाकतो आणि गळती वाढते. नवे पॅकिंग घालून, पत्र्याची कड सरळ करून, बेताने आवळावे. या कव्हरचे तेल गरम मॅनिफोल्डवर पडले तर गाडीत जळका वास येतो.

(आ) अंगाची दोन झाकणे. मॅनिफोल्डच्या खाली, इंजिनाच्या कुशीला पत्र्याची दोन झाकणे आहेत. त्यांनाही बुचाचे पॅकिंग आहे. मागचे झाकण सहज दिसत नाही, आरसा धरून पाहावे.

(इ) ऑइल फिल्टर, तेलाच्या दाबाची नळी आणि लाल दिव्याचा स्विच. येथे तेल दाबाखाली असते. इतर ठिकाणी ओल धरते तर येथून धार लागू शकते, म्हणून ही जागा सर्वांत महत्त्वाची.

(ई) पुढची पुली. तिच्या मागे टायमिंग कव्हरचे सील असते. ते गेले की पुली तेल उडवते आणि पुढचा सगळा भाग, पंख्याचा पट्टासुद्धा, माखतो.

(उ) तळाचे चेंबर. पॅकिंग आणि तेल सोडायचा बोल्ट पाहा. बोल्टखालची वॉशर दरवेळी बदलावी. तिला फार पैसे पडत नाहीत.

(ऊ) इंजिन-गिअरबॉक्सचा सांधा. हे शेवटी. या इंजिनाच्या मूळ रचनेत क्रँकच्या मागच्या टोकाला रबरी सीलच नाही. शाफ्टवर स्क्रूसारखे आटे कापलेले आहेत. शाफ्ट फिरू लागला की ते आटे तेल परत चेंबरकडे ओढतात. त्यामुळे इंजिन बंद असताना, विशेषतः गाडी मागच्या बाजूला उतरती उभी असेल तर, दोन-चार थेंब पडणे हा या गाडीचा स्वभाव आहे, तो दोष नव्हे. क्लच स्लिप होऊ लागला, किंवा वरचे सगळे कोरडे असून खाली धार लागली, तर मात्र मागचा दोष खरा धरावा. मला हे आधी कळले असते तर 'सील गेलं' म्हटल्यावर मी निदान विचारले तरी असते.

४. ब्रीदर म्हणजे इंजिनाचा चर

इंजिन नवे असले तरी पिस्टनच्या रिंगांमधून थोडा वायू खाली चेंबरमध्ये उतरतोच. त्याला बाहेर पडायला वाट ठेवलेली असते. अंगाच्या झाकणावरची नळी आणि वरच्या कव्हरवरून एअर फिल्टरकडे जाणारा रबरी पाइप ही ती वाट. ती बुजली की आत दाब वाढतो आणि तेल दिसेल त्या सांध्यातून बाहेर ढकलले जाते. एकदम तीन-चार ठिकाणांहून गळू लागले तर सगळी पॅकिंगे एका दिवशी कशी गेली, असा प्रश्न स्वतःला विचारा. बहुधा ब्रीदर बुजलेला असतो.

दर वर्षी गळीत सुरू होण्याआधी नळी काढून धुवावी. तेल भरायच्या टोपणातही जाळी असते, तीही धुवावी.

ब्रीदर साफ केल्यावर इंजिन गरम करून, मंद चालू ठेवून तेलाचे टोपण काढा. मंद वाफ येणे ठीक. पण टोपण उडू लागले आणि भकाभका धूर आला, तर त्याला मिस्त्री लोक 'बॅक कंप्रेशन' म्हणतात. रिंगा किंवा बोअर झिजल्याचे ते लक्षण आहे. ही परीक्षा ब्रीदर साफ केल्यानंतरच करायची. आधी केली तर फसाल.

५. तेल गळत नाही, पण कमी होते

पुठ्ठा कोरडा आणि पट्टी मात्र खाली जाते, याचा अर्थ इंजिन तेल पिते आहे. अशा वेळी मागे उभे राहून धूर पाहावा. पेट्रोल गाडीबाबत खूण अशी:

निळा धूर म्हणजे तेल जळते. सकाळी चालू करताना भपकारा येऊन थांबत असेल, किंवा लांब उतार उतरून पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर येत असेल, तर बहुधा व्हॉल्व्हचे गाइड आणि त्यांची सीले झिजली आहेत. हे हेडचे काम, बोअरचे नव्हे. चढाला, ओझ्याला, सतत निळा धूर येत असेल तर रिंगांकडे संशय जातो.

काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. आधी एअर फिल्टर पाहा, चोक अडकला आहे का पाहा, मग कार्बोरेटर.

पांढरी वाफ थंडीच्या सकाळी थोडा वेळ येते, तिला घाबरू नये. इंजिन गरम झाल्यावरही येत राहिली आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल तर हेड पॅकिंग पाहावे.

डिझेल जीप आणि ट्रॅक्टरच्या काळ्या धुराला ओझे, बुजलेला एअर फिल्टर किंवा नोझल कारणीभूत असतो. म्हणून काळा धूर पाहून रिंगा बदलू नयेत.

६. तेलात पाणी, तेलात पेट्रोल

पट्टीवर तेल ताकासारखे दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे. गाडी चालवू नका. हेड पॅकिंग फुटले असेल किंवा हेडला तडा असेल. नुसत्या टोपणाच्या आत थोडी पांढरी साय दिसली आणि पट्टी स्वच्छ असेल, तर जवळच्या जवळ थंड फेऱ्या मारल्याने साचलेले ते दव असू शकते. एकदा लांब फिरवून पुन्हा पाहा. रेडिएटरचे झाकण इंजिन गरम असताना कधीही उघडू नये. वाफेने तोंड भाजलेली माणसे मी पाहिली आहेत.

उलट, पट्टीवरची पातळी आपोआप वाढते, तेल पातळ झाले आहे आणि पेट्रोलचा वास येतो, असे असेल तर पेट्रोल पंपाचा पडदा फाटून पेट्रोल चेंबरमध्ये उतरते आहे. 'तेल वाढलं, बरं झालं' असे समजू नका. अशा पातळ तेलाने बेअरिंग खातात. पंप दुरुस्त करा आणि तेल पूर्ण बदला.

७. गचके, आवाज आणि लाल दिवा

गाडी तीन सिलिंडरवर चालते असे वाटले तर एकेक प्लग काढून पाहा. विटकरी-तपकिरी असेल तर ठीक. कोरडा काळा असेल तर पेट्रोल जास्त. तेलाने ओला असेल तर त्या सिलिंडरमध्ये तेल शिरते आहे. परत बसवताना तारांची अदलाबदल करू नका. या इंजिनाचा क्रम १-३-४-२ असा आहे. पावसाळ्यात पुष्कळदा डेल्कोच्या टोपणातली ओलच दोषी असते, कोरड्या फडक्याने पुसले की भागते.

आवाज ऐकायला लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनाला लावून मूठ कानाशी धरावी. वरून हलका टिकटिक आवाज आला तर बहुधा टॅपेट. खालून जड, घणासारखा ठोका आला तर बेअरिंग, इंजिन ताबडतोब बंद करा. हे करताना उपरणे, मफलर, पदर पंख्यापासून दूर ठेवावा.

आता लाल दिव्याविषयी. इंजिन चालू असताना तेलाचा लाल दिवा लागला की रस्त्याच्या कडेला घ्या आणि बंद करा. 'पुढच्या गावापर्यंत जाऊ' म्हणू नका. एका सभासदाच्या जीपची फिल्टरजवळची नळी चिरली होती. दिवा लागलेला त्यांनी पाहिला. पण रात्र होती, गाडीत दवाखान्यात न्यायचे माणूस होते, आणि गाव नऊ किलोमीटरवर राहिले होते. सहाव्या किलोमीटरला इंजिन धरले. त्या रात्री दुसरी गाडी मिळेपर्यंत तास गेला. माणूस वाचले, पण क्रँक गेला. चिरलेल्या नळीची गळती त्यांना महिनाभर आधीपासून माहीत होती. त्या रात्री त्यांनी काय करायला हवे होते, हे मला सांगता येत नाही. महिनाभर आधी काय करायला हवे होते, ते मात्र सांगता येते.

८. इंजिन उघडायचे की नाही

हा निर्णय घेण्यापूर्वी कंप्रेशनची तपासणी जरूर करून घ्या. मिस्त्रीकडे दाब मोजायचे घड्याळ असते. इंजिन गरम, चारही प्लग काढलेले, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी चांगली, अशा स्थितीत चारही सिलिंडरचे आकडे लिहून घ्या. आकडे जवळजवळ सारखे हवेत.

एखाद्याचा कमी आला तर त्यात प्लगच्या भोकातून चमचाभर तेल घालून पुन्हा मोजा. आकडा चांगला वर आला तर रिंगा किंवा बोअर झिजले. वर आला नाही तर व्हॉल्व्ह बसत नाहीत. शेजारशेजारचे दोन कमी असतील तर त्या दोघांमधले हेड पॅकिंग गेले असण्याचा संभव मोठा. व्हॉल्व्ह आणि हेड पॅकिंगसाठी वरचे हेड काढावे लागते, खालचे इंजिन उतरवावे लागत नाही. खर्चात किती फरक पडतो हे ज्यांनी केले त्यांना विचारा. डिझेल इंजिनाला हे घड्याळ वेगळे लागते, ते काम वर्कशॉपमध्येच करावे.

सारांशाने दोषांचे तीन ढीग करा.

आजच थांबा: लाल दिवा, खालचा जड ठोका, तेलात पाणी, दाबाच्या नळीची धार, पेट्रोल किंवा ब्रेकच्या तेलाची गळती.

या आठवड्यात करा: ब्रीदर साफ करणे, टॅपेट कव्हर व अंगाच्या झाकणांची पॅकिंगे, पट्टा माखवणारे पुढचे सील.

नजर ठेवा: मागच्या सांध्याचे दोन-चार थेंब, सकाळचा किंचित निळा भपकारा.

'नजर ठेवा' म्हणजे विसरून जा, असे नव्हे. एक लहान वही गाडीतच ठेवावी. तारीख, किलोमीटर आणि किती तेल घातले एवढेच लिहायचे. तीन महिन्यांत वही सांगते की गळती तेवढीच आहे की वाढते आहे. गॅरेजमध्ये जाताना हीच वही घेऊन जा. आकडे घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला अंदाजाने सांगणे मिस्त्रीलाही जड जाते.

९. आणखी दोन गोष्टी

तेल गळणारी गाडी उसाच्या पाचटावर उभी करू नका. गरम सायलेन्सर, त्यावर पडलेले तेल आणि खाली वाळलेले पाचट, हे तिन्ही एकत्र आले तर गाडी तर जाईलच, शेजाऱ्याचा फडही जाईल.

आणि काढलेले काळे तेल पाटात, विहिरीकाठी किंवा बांधावर ओतू नका. डब्यात साठवून गॅरेजमध्ये द्यावे, तेथून ते जुने तेल गोळा करणाऱ्यांकडे जाते. पाणी आपल्यालाच प्यायचे आहे.

मी मोटारीचा मिस्त्री नाही. कृषी पदविका घेतलेला, उसात वावरणारा माणूस आहे. वर लिहिले ते काही पैसे घालवून आणि काही मामांच्या शेजारी उभे राहून शिकलो. घरच्या गाडीचा ब्रीदर आता मी दर वर्षी स्वतः धुतो. तिच्याखाली अजूनही रोज दोन थेंब पडतात. वडील विचारतात, "अजून गळतीय का रे?" मी म्हणतो, "होय अण्णा, तेवढंच गळतंय." तेवढंच आहे हे वहीत लिहिलेले असल्याने दोघेही निश्चिंत असतो.

येत्या गळीत हंगामापूर्वी सर्व सभासदांनी आपापली मोटार, जीप आणि ट्रॅक्टर एकदा धुऊन, वाळवून, वरून खाली पाहून घ्यावीत, ही विनंती. पुढील अंकी पूर्वहंगामी लागणीच्या बेणेप्रक्रियेविषयी लिहीन.

कळावे.

— ऊस विकास अधिकारी